हार्वी कर्ट्झमन: 'मॅड' घडवणारा, पण 'मॅड'चा मालक कधीच न झालेला संपादक

पुढचा एक दात गायब, कान बाहेर आलेले, केस विस्कटलेले आणि चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही, असा एक मुलगा बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. अमेरिकेतल्या 'मॅड' मासिकाचा तो चेहरा, आल्फ्रेड ई. न्यूमन. मुंबई-पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे मासिक हाती लागलेले वाचकही कमी नाहीत. ते सुरू करणाऱ्या संपादकाचं नाव मात्र त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. हार्वी कर्ट्झमनने १९५२ साली 'मॅड' काढलं, पहिले २३ अंक जवळजवळ एकट्याने लिहिले, एकूण २८ अंक काढले आणि १९५६ मध्ये तो बाहेर पडला. मासिक त्यानंतर साठ वर्षांहून जास्त चाललं. त्याची मालकी कर्ट्झमनकडे एका दिवसासाठीही नव्हती.

त्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर दोन गोष्टी नीट कळायला हव्यात. विनोदात त्याने नवं काय केलं, ही एक. दुसरी म्हणजे अमेरिकेतल्या कॉमिकच्या धंद्यात काम कोणाचं आणि हक्क कोणाचा. दुसरी गोष्ट रुक्ष वाटेल, पण तिच्याशिवाय या माणसाची कथा अर्धीच राहते.

जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ३ ऑक्टोबर १९२४ चा. आईवडील युक्रेनमधून आलेले ज्यू. हार्वी चार वर्षांचा असताना वडील गेले. पोट भरण्याची सोय नसल्याने आईला दोन्ही मुलांना काही काळ अनाथाश्रमात ठेवावं लागलं. नंतर तिने दुसरं लग्न केलं आणि कुटुंब ब्रॉन्क्समध्ये राहायला गेलं. तिथल्या रस्त्यांवर हा मुलगा खडूने चित्रकथा काढायचा. पुढे न्यूयॉर्कमधल्या संगीत आणि कला शिकवणाऱ्या सरकारी हायस्कूलमध्ये त्याला प्रवेश मिळाला. विल एल्डर आणि अल जॅफी हे 'मॅड'चे भावी चित्रकार त्याच शाळेत शिकत होते. कूपर युनियन या महाविद्यालयात एक वर्ष काढून त्याने शिक्षण सोडलं. १९४३ मध्ये लष्करात भरती झाली, पण त्याला परदेशी आघाडीवर पाठवलं गेलं नाही. लष्करासाठी पोस्टर आणि माहितीपुस्तिका रंगवण्यातच त्याचा बराच वेळ गेला.

युद्धानंतर त्याने 'हे लूक!' नावाची एकपानी विनोदी चित्रमालिका काढली. ती विकत घेणारा संपादक होता स्टॅन ली. याच काळात एल्डर आणि आणखी एका मित्राबरोबर त्याने छोटा स्टुडिओ थाटला. तिथे बसून काम करणाऱ्यांत रने गोसिनी हा फ्रेंच तरुणही होता, पुढे 'अ‍ॅस्टेरिक्स' लिहिणारा.

खरी सुरुवात झाली ती ईसी कॉमिक्स या छोट्या प्रकाशन संस्थेत. मालक विल्यम गेन्स. तिथलं कर्ट्झमनचं पहिलं काम गुप्तरोगाविषयी जनजागृती करणाऱ्या चित्रकथेचं होतं, तीही काउबॉयच्या गोष्टीतून सांगितलेली. मग १९५० मध्ये 'टू-फिस्टेड टेल्स' आणि १९५१ मध्ये 'फ्रंटलाइन कॉम्बॅट' ही युद्धकथांची कॉमिक त्याच्याकडे आली. विनोदी लेखकाच्या चरित्रात युद्धकथांवर थांबण्याचं कारण आहे. 'मॅड'ची मुळं तिथेच आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

कोरियात तेव्हा युद्ध चालू होतं. बाजारातली इतर युद्ध-कॉमिक शूर अमेरिकन सैनिक आणि भेसूर शत्रू यांच्यावर पोसलेली होती. कर्ट्झमनला हे खोटं वाटायचं. मुलांच्या हातात युद्धाची गोष्ट द्यायची तर युद्ध खरंच कसं असतं ते सांगितलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्यासाठी तो ग्रंथालयांत तासन्‌तास बसे, सैनिकांना भेटे, बचावकार्याच्या विमानात बसून अनुभव घेई. 'कॉर्प्स ऑन द इमजिन' ही त्याने स्वतः लिहिलेली आणि काढलेली कथा घ्या. नदीत एक प्रेत तरंगत चाललंय, काठावर एक अमेरिकन सैनिक ते पाहतोय. तेवढ्यात एक शत्रूसैनिक त्याच्यावर झडप घालतो. शस्त्रं हातातून जातात, झटापट होते, आणि अमेरिकन सैनिक समोरच्याला पाण्यात बुडवून मारतो. एका छोट्या हालचालीची चौकटींमागून चौकट येत राहते, आणि शेवटी नदीत आणखी एक प्रेत. विजयाचा आनंद कुठेही नाही.

काम करण्याची त्याची पद्धतही इथेच पक्की झाली. कॉमिकचा संपादक साधारणपणे मजकूर चित्रकाराच्या हातात देऊन मोकळा व्हायचा. कर्ट्झमन प्रत्येक पानाचा कच्चा आराखडा स्वतः काढायचा. कोणत्या चौकटीत कोण कुठे उभा, संवादाचा फुगा कुठे, नजर कुठून कुठे सरकेल, हे सगळं ठरलेलं. चित्रकाराने त्यावर आपली कारागिरी करायची, आराखडा बदलायचा नाही. काहींना याचा जाच व्हायचा. पण वाचकाची नजर एका चौकटीतून दुसरीत जाताना जो क्षणभराचा वेळ जातो, तो या संपादकाने मोजूनमापून वापरला. विनोदात हा वेळच सगळं काही असतो.

एवढी मेहनत करणाऱ्याला पैसे मात्र कमी मिळत. ईसीमध्ये मोबदला अंकामागे होता. दुसरा संपादक अल फेल्डस्टीन भयकथा आणि विज्ञानकथांची कितीतरी कॉमिक झपाट्याने काढायचा आणि साहजिकच जास्त कमवायचा. कर्ट्झमनने तक्रार केली. त्यातून गेन्सने सुचवलं की विनोदी कॉमिक काढ, त्याला संशोधन लागणार नाही, अंक लवकर होईल, कमाई वाढेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९५२ अशी तारीख घेऊन 'मॅड'चा पहिला अंक आला. किंमत १० सेंट.

सुरुवातीचे अंक फारसे खपले नाहीत. चौथ्या अंकातल्या 'सुपरड्युपरमॅन'ने चित्र पालटलं. वॉली वुडने काढलेली ही कथा कर्ट्झमनचं विडंबन कसं चालतं हे समजून घ्यायला सगळ्यात सोयीची आहे.

सुपरमॅनची नक्कल करून त्याला बावळट दाखवणं कोणालाही जमलं असतं. कर्ट्झमनने मूळ कथेचं म्हणणं खरं धरलं आणि मग साधे प्रश्न विचारले. एखाद्या माणसाला भिंतीपलीकडचं दिसत असेल, तर तो ते कशाकशासाठी वापरेल? त्याचा क्लार्क बेंट बायकांच्या स्वच्छतागृहाकडे नजर लावतो. ज्या मुलीने साध्या क्लार्कला कधी भाव दिला नाही, ती त्याने कपडे बदलले म्हणून प्रेमात पडेल? कथेतली लॉइस शेवटी त्याला झिडकारते, कारण अंगात झगा असो वा नसो, माणूस तोच आहे. आणि त्या वेळी सुपरमॅनचे प्रकाशक 'कॅप्टन मार्व्हल'च्या प्रकाशकांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते, म्हणून कथेत सुपरड्युपरमॅन आणि 'कॅप्टन मार्बल्स' यांची तुंबळ मारामारी. म्हणजे पात्राची, त्याच्या चाहत्यांच्या समजुतींची आणि ते विकणाऱ्या कंपन्यांची, अशी तिहेरी झडती एकाच कथेत. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी दाव्याची धमकी दिली, पण 'मॅड' थांबलं नाही. पुढे अ‍ॅलन मूर या ब्रिटिश लेखकाने सुपरहीरोंकडे गंभीरपणे पाहणाऱ्या आपल्या लेखनामागे या कथेचा प्रभाव असल्याचं सांगितलं आहे.

एकोणिसाव्या अंकातली 'मिकी रोडंट' मला याहूनही धारदार वाटते. विल एल्डरच्या चित्रांतला मिकी दाढी वाढलेला, खरोखरच उंदीर वाटणारा आहे. सगळ्या प्राण्यांना पांढरे हातमोजे घालण्याची सक्ती आहे, आणि ती मोडणाऱ्याला फरपटत नेलं जातं, कारण तसा वरून हुकूम आहे. बदकाने पँट का घालायची नाही पण कोट का घालायचा, असले प्रश्न लहान मुलांच्या मनात येऊन विरून जातात. कर्ट्झमनने ते धरून ठेवले. गोंडस जगाच्या मागे एक शिस्तबद्ध कारखाना आहे, हे दहा-बारा वर्षांच्या वाचकाला हसता हसता कळत होतं.

एल्डरबद्दल दोन शब्द हवेतच. तो चौकटीचा कोपरान्‌कोपरा पाट्या, जाहिराती, भलतीच माणसं, कशाशीही संबंध नसलेल्या गमती यांनी भरून टाकायचा. मुख्य गोष्ट पुढे सरकत असते आणि मागे दहा वेगळ्या गोष्टी चालू असतात. त्यामुळे अंक पुन्हा पुन्हा वाचला जायचा. चौकटींच्या बाबतीत काटेकोर असलेल्या कर्ट्झमनने या शाळूसोबत्याला मात्र मोकळं सोडलं. संपादक म्हणून त्याची जाण यात दिसते.

राजकारणही सुटलं नाही. सिनेटर जोसेफ मॅकार्थी कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांचं आयुष्य उद्ध्वस्त करत होता. १९५४ मध्ये लष्कराविरुद्धच्या त्याच्या आरोपांची सुनावणी टीव्हीवर देशभर दिसली. 'मॅड'ने ती टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेच्या थाटात मांडली. सिनेटने मॅकार्थीचा निषेध केला तो त्यानंतर, डिसेंबरमध्ये. भल्याभल्या वृत्तपत्रांची जीभ अडखळत असताना मुलांच्या कॉमिकने हे छापलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

त्याच वर्षी कॉमिकच्या धंद्यावर संकट आलं. फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिकमुळे मुलं गुन्ह्यांकडे वळतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. कापलेलं मुंडकं दाखवणारं एका भयकथेचं मुखपृष्ठ त्याच्यापुढे धरण्यात आलं आणि हे अभिरुचीला धरून आहे का, असं विचारलं गेलं. भयकथेच्या कॉमिकसाठी आहे, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारने कॉमिकवर बंदीचा कायदा केला नाही. कायदा येईल या धास्तीने प्रकाशकांनीच संघटना उभारली आणि 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली ऑक्टोबर १९५४ मध्ये स्वीकारली. छपाईआधी प्रत्येक पान तपासून घ्यायचं आणि मुखपृष्ठावर मान्यतेचा शिक्का लावायचा. शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायला तयार नसत, दुकानदार गठ्ठे न उघडताच परत पाठवत. नियम कागदावर ऐच्छिक होते, पण अंक वाचकापर्यंत पोचण्याचा रस्ताच त्यांनी अडवला होता. गेन्सची भयकथांची कॉमिक बंद पडली. नियमावलीतल्या एका कलमानुसार पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं चित्रण करायला मनाई होती. या कलमाखाली 'मॅड' किती दिवस टिकलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

जुलै १९५५ च्या २४ व्या अंकापासून 'मॅड' कॉमिक राहिलं नाही. मोठ्या आकाराचं, कृष्णधवल, २५ सेंटचं मासिकरूप त्याने घेतलं. मासिकांना कोड लागू नव्हता. कोड चुकवण्यासाठीच हा बदल झाला, असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण वेगळं होतं. कर्ट्झमनला दुसऱ्या एका मासिकाकडून नोकरीचा प्रस्ताव आला होता, आणि प्रतिष्ठित, देखणं मासिक काढायची त्याची जुनी इच्छा होती. तो जाऊ नये म्हणून गेन्सने ती पुरी केली. कोडमधून सुटका हा त्याचा फायदा ठरला. या अंकाला इतकी मागणी आली की तो पुन्हा छापावा लागला.

मग १९५६ उजाडलं, आणि हक्काचा प्रश्न वर आला.

त्या काळी अमेरिकेत कॉमिकचे लेखक-चित्रकार पानामागे किंवा अंकामागे ठरलेली रक्कम घेत. पैसे दिले की कथा, पात्रं, मूळ चित्रं, पुढच्या आवृत्त्या, सगळं प्रकाशकाचं. नोकरीत किंवा कंत्राटावर करून घेतलेल्या कामाचा निर्माता कायद्याच्या नजरेत प्रकाशकच ठरे. कर्ट्झमनने शब्द लिहिले, पानं आखली, चित्रकार निवडले, मासिकाला बोलण्याची ढब दिली. तरी उद्या गेन्सने त्याला काढलं असतं तर 'मॅड' हे नावसुद्धा त्याला वापरता आलं नसतं. त्याने कंपनीची ५१ टक्के मालकी मागितली. पाठीशी 'प्लेबॉय'चा ह्यू हेफ्नर होता, नव्या मासिकासाठी पैसा ओतायला तयार. गेन्सने नकार दिला आणि कर्ट्झमन बाहेर पडला.

या प्रसंगात गेन्सला खलनायक करणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. पैशाचा धोका त्याने पत्करला होता, सिनेटसमोर तोच उभा राहिला होता, आणि ५१ टक्के म्हणजे स्वतःच्याच कंपनीत नोकर होणं. मागणी अव्यवहार्य होती. मागणीमागचा प्रश्न मात्र शंभर टक्के खरा होता: ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघतं, त्याच्या हातात काय? 'मॅड' फेल्डस्टीनकडे गेलं. जुन्या पोस्टकार्डांवर आढळणारा तो दात पडलेला मुलगा कर्ट्झमननेच अंकात आणला होता, पण त्याला नाव आणि मुखपृष्ठावरची कायमची जागा मिळाली ती फेल्डस्टीनच्या हाताखाली. १९७० च्या दशकात खप २० लाखांच्या वर गेला. तोवर मासिकाची मालकीही बदलली होती, आणि ती गेली होती सुपरमॅन छापणाऱ्या कंपनीकडे.

हेफ्नरच्या पैशावर निघालेलं 'ट्रम्प' दिसायला अतिशय सुंदर होतं. १९५७ मध्ये दोन अंक निघाले आणि हेफ्नरची आर्थिक कोंडी होऊन ते बंद पडलं.

त्यानंतर कर्ट्झमन, एल्डर, जॅफी, अर्नोल्ड रॉथ यांनी एकत्र येऊन 'हंबग' काढलं. चित्रकारांनी खिशातले पैसे घातले, मालकही तेच आणि कामगारही तेच. मालकीचा प्रश्न कर्ट्झमनने इथे त्याच्या परीने सोडवला. पण मालकी हाती आली तरी वितरण हाती येत नाही. १५ सेंटचं, लहान आकाराचं ते मासिक स्टॉलवर धड कॉमिकमध्ये बसत नव्हतं, धड मासिकांत. ११ अंकांनंतर, १९५८ मध्ये, सगळ्यांचे पैसे बुडाले. विनोदाचा दर्जा उत्तम होता, आणि म्हणूनच या अपयशाचं वाईट वाटतं.

१९६० ते १९६५ मध्ये प्रकाशक जेम्स वॉरनसाठी काढलेलं 'हेल्प!' हे त्याचं शेवटचं मासिक. पैसा इतका कमी की जुन्या सिनेमांच्या छायाचित्रांवर नवे संवाद चिकटवून पानं भरावी लागत. पण संपादकाची नजर कशी असते, ते इथे पाहावं. सुरुवातीची सहायक ग्लोरिया स्टायनम, पुढे स्त्रीमुक्ती चळवळीची अग्रणी. नंतरचा सहायक टेरी गिलियम. छायाचित्रांतून सांगितलेल्या एका कथेसाठी जॉन क्लीज नावाचा इंग्रज नट बोलावला गेला, आणि गिलियमची त्याच्याशी ओळख झाली. १९६९ मध्ये दोघेही 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी चमूत होते. रॉबर्ट क्रंब आणि गिल्बर्ट शेल्टन यांच्यासारख्या बंडखोर चित्रकारांचं सुरुवातीचं काम कर्ट्झमननेच छापलं.

याच मासिकात १९६२ च्या फेब्रुवारीत एल्डरबरोबरची 'गुडमन गोज प्लेबॉय' ही कथा आली. तिचा निरागस नायक गुडमन बीव्हर आपल्या गावी परततो आणि तिथली, 'आर्ची' या लोकप्रिय किशोर-कॉमिकमधल्या पात्रांसारखी, मुलं चैनीत बुडालेली पाहतो. आर्ची कॉमिक्सने नोटीस धाडली. प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही. वॉरनने पैसे आणि माफीनामा देऊन ते मिटवलं. पुढे कथा पुस्तकात आल्यावर पुन्हा वाद झाला आणि तिचे हक्क आर्ची कंपनीला देऊन टाकावे लागले. तडजोड झाली म्हणजे कायदा आर्चीच्या बाजूने होता, असा अर्थ होत नाही. खटला लढवण्याचा खर्च छोट्या मासिकाला झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विडंबनासाठी मूळ कलाकृतीतलं किती उचलता येतं, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विडंबनकारांना बळ देणारा ठळक निर्णय दिला तो १९९४ मध्ये.

पोटापाण्याची सोय अखेर 'प्लेबॉय'नेच केली. ऑक्टोबर १९६२ पासून १९८८ पर्यंत तो आणि एल्डर 'लिटल अ‍ॅनी फॅनी' ही रंगीत चित्रकथा तिथे करत राहिले. एल्डरची रंगकामाची कारागिरी थक्क करणारी आहे, पण कथेवर हेफ्नरचा हात सतत फिरायचा आणि कर्ट्झमनचा मूळ आवाज त्यात क्षीण होत गेला, असं मला वाटतं. १९७३ पासून तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये व्यंगचित्रकला शिकवू लागला. १९८८ मध्ये त्याच्या नावाने कॉमिकसाठी हार्वी पुरस्कार सुरू झाले. १९८० च्या दशकात गेन्सशी दिलजमाई होऊन त्याने आणि एल्डरने 'मॅड'साठी पुन्हा काही कामही केलं. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी, ६८ व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन इथे त्याचं निधन झालं.

आर्चीवरची ती कथा दशकानुदशकं छापता आली नाही. मग प्रकाशक गॅरी ग्रॉथ यांच्या लक्षात आलं की आर्ची कंपनीचे तिच्यावरचे हक्क संपले आहेत. २००४ मध्ये 'द कॉमिक्स जर्नल'ने ती संपूर्ण छापली.